मुळातून

आमच्या भावोजींना फ्रीज घ्यायला सात महिने लागले. त्यातले पहिले दोन महिने फ्रीज आतून थंड कसा होतो, हे समजून घेण्यात गेले. "वस्तू घ्यायची तर मुळातून कळायला हवी," असं ते म्हणत राहिले आणि ताईनं तो उन्हाळा माठावर काढला. एकदा सगळे मिळून शिवनेरीला गेलो होतो. आम्ही सातही दरवाजे चढून, शिवाईदेवीचं दर्शन घेऊन, जन्मस्थान बघून खाली आलो, तर भावोजी पहिल्याच दरवाजापाशी मांडीवर पुस्तक उघडून बसलेले. सातवाहनांपर्यंत पोचले होते.

असा माणूस अमेरिकन सुपरहिरोंच्या वाटेला जायलाच नको होता. पण 2023 च्या जूनमध्ये भाचीनं त्यांना स्पायडर-मॅनच्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ला नेलं. मराठीतून होता, म्हणून गेले. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडर-मॅन आहे आणि मुंबई नि मॅनहॅटन एकत्र कालवून केलेलं मुंबॅटन नावाचं शहर आहे. भावोजी खुर्चीत सावरून बसले. मध्यंतरात त्यांनी भाचीला विचारलं, "हा सुरू कधी झाला?"

"तासाभरापूर्वी. तुम्ही होतात की, बाबा."

"सिनेमा नव्हे गं. हा कोळी."

त्याच रात्री मला फोन आला. माझ्याकडे कॉमिक्सचं एक कपाट आहे, म्हणून नातेवाइकांत मी या विषयातला जाणकार. एरवी ते कपाट म्हणजे 'अजून लहानच आहे' याचा पुरावा असतं, पण प्रसंग आला की जाणकार. मी सांगितलं, पवित्र प्रभाकर 2004 मध्ये आला, आपल्याच मंडळींनी रचला, चार अंकांची मालिका होती.

"ही फांदी झाली," भावोजी म्हणाले. "खोड कुठंय?"

खोड ऑगस्ट 1962 मध्ये. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची अकरा पानांची गोष्ट, 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "मग आधीचे चौदा?" त्यात स्पायडर-मॅन नाही, आणि ते निघाले तेसुद्धा वेगळ्या नावांनी. "मग सोळावा?" सोळावा तेव्हा निघालाच नाही, मासिक बंद पडलं. भावोजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पहिला अंक तो पंधरावा आणि तोच शेवटचा. लिहून घेतो."

भावोजी बँकेत आहेत, हे सांगायला हवं. त्यांनी या कामासाठी एक लांबडी हिशेबवही घातली. वरच्या कोपऱ्यात 'श्री', खाली लाल शाईनं रकाने: पुस्तकाचं नाव, आत कुठले अंक, बांधणी, कागद, आणि शेवटचा, त्यांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा रकाना, 'दुबार'. एक गोष्ट दोन पुस्तकांत आली तर तिचे पैसे दोनदा जातात, ही कल्पना त्यांना सहन होत नाही. आणि या धंद्यात ती येतेच. सुटे अंक पाच-सहा एकत्र बांधले की ट्रेड पेपरबॅक, तेच मोठ्या आकारात, जाड पुठ्ठ्यात बांधले की डिलक्स, आणि वीस-तीस-चाळीस अंकांचा उशीएवढा ठोकळा केला की ऑम्निबस. फ्रँक मिलरची 'बॅटमॅन: इयर वन' ही चारच अंकांची गोष्ट, 1987 सालची. ती इतक्या वेगवेगळ्या बांधण्यांत निघाली आहे की भावोजींच्या 'दुबार'च्या रकान्यात तिला जागा पुरेना. त्यांनी चिठ्ठी चिकटवली.

ऑम्निबस हा शब्द मात्र त्यांना आवडला. "बस ठरली," ते मला म्हणाले, "आता थांबा सांग. चढायचं कुठं?"

खरी पंचाईत इथंच आहे, आणि भावोजींची सगळी थट्टा करूनही मला त्यांची कणव येते ती इथंच. या गोष्टींना थांबा नाही. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा अंक क्रमांक एक 1963 मध्ये निघाला. मग पुन्हा क्रमांक एक 1999 मध्ये. मग 2014. मग 2015. मग 2018. मग 2022. मग 2025. नवा वाचक बिचकू नये म्हणून दर वेळी एकपासून मोजायला सुरुवात करतात, आणि नवा वाचक दुकानात उभा राहून सात 'पहिल्या' अंकांकडे बघत बिचकतो. भावोजींना हे फारच लागलं. "अरे, पासबुक भरलं की आम्ही नवं देतो, पण मागील बाकी पुढे ओढतो की नाही?" मी सांगितलं की 2003 मध्ये त्यांनीही ओढली होती. सगळे जुने-नवे अंक जमेस धरून एकदम पाचशेवा अंक काढला. त्या दिवशी भावोजींच्या चेहऱ्यावर अमेरिकेबद्दल प्रथमच आदर दिसला. पुढच्या उड्या मी मुद्दाम पुन्हा काढल्या नाहीत.

दुसरा धक्का एपिक कलेक्शनचा. स्पायडर-मॅनच्या प्रकाशकांनी, म्हणजे मार्व्हलनं, 2013 पासून काढलेली ही जाड पण कागदी पुठ्ठ्याची मालिका नवख्यांना मीसुद्धा सुचवतो. पण तिचे खंड क्रमानं निघत नाहीत. पाठीवरचा आकडा त्या खंडाची गोष्टीतली जागा सांगतो, निघण्याची पाळी नव्हे. मधला एखादा आधी येतो, पहिला मागाहून.

"म्हणजे आधी मुंज आणि मग बारसं?"

"हो, पण शेवटी सगळे विधी पूर्ण होतात."

"शेवटी म्हणजे कधी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भावोजींनी वहीत त्या आकड्यांच्या ओळी आखल्या आणि न निघालेल्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या. पंगतीत पानं मांडली आहेत, काही पाहुणे यायचेत, असं ते पान दिसतं.

सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसीचं मात्र त्यांना चटकन कळलं. 1985 मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकांत त्यांनी असंख्य समांतर पृथ्व्या मोडून एकच केली, हे मी घाबरत घाबरत सांगितलं. भावोजी शांतपणे म्हणाले, "विलीनीकरण." त्यांच्या बँकेचं झालं आहे. कुठली शाखा कुठल्या शाखेत गेली, कोण कुणाचा साहेब झाला, जुन्या खातेदारांना नवा कोड कसा तोंडपाठ करावा लागला, हे सगळं त्यांनी भोगलं आहे. 2011 मध्ये डीसीनं पुन्हा मांडामांड करून बावन्न मालिका एकपासून सुरू केल्या, हे ऐकून तर ते सहानुभूतीनं हसले. "पुन्हा केवायसी."

या सगळ्यात दीड वर्ष गेलं आणि एकही पान वाचून झालेलं नव्हतं. एका ऑम्निबसचा विचार ते इतके दिवस करत होते की तोवर तो बाजारातून संपला. पुढे पुन्हा छापला गेला, पण मुखपृष्ठ बदललेलं, म्हणून विचारही पुन्हा पहिल्यापासून. मग मी एका रविवारी 'ऑल-स्टार सुपरमॅन' घेऊन गेलो. बारा अंक, एकच पुस्तक, मागचं-पुढचं काही नको. सुपरमॅनचा सगळा जन्मवृत्तांत ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी पहिल्याच पानावर चार चौकटींत, आठ शब्दांत उरकला आहे. भावोजींनी ते आठ शब्द मोजले. बरोबर भरले. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आठ शब्दांत पुरतं, कारण बाकीचं लोकांना 1938 पासून माहीत आहे. मला नाहीये." यावर काय बोलणार? माणूस चुकीचं बोलत असता तर सोपं होतं.

शेवटी पुस्तक आलं ते भाचीमुळे. तिनं वाढदिवसाला परस्पर स्पायडर-मॅनचा पहिला ऑम्निबस मागवला. भावोजींनी आधी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. मग पाठ टेबलावर टेकवून पुढची थोडी पानं उघडून अंगठ्यानं दाबली, मग मागची थोडी, मग पुन्हा पुढची, असं करत मध्यावर आले. नुसतं मधूनच उघडलं तर जाड पुस्तकाची पाठ मोडते म्हणे. शिवण आहे की डिंक, हे भिंगातून पाहिलं. शिवण निघाली. मग खाकी कागद आला, कात्री आली, आणि त्या लालनिळ्या, झगझगीत पुस्तकाला भावोजींनी शाळेच्या पुस्तकासारखं कव्हर घातलं. वर लेबल: 'स्पायडर-मॅन, भाग पहिला.' विषयापुढे काय लिहावं याचा क्षणभर विचार करून त्यांनी लिहिलं, 'संकीर्ण'.

भाची ते पुस्तक पोटावर घेऊन झोपाळ्यावर पडते आणि जिथं उघडेल तिथून वाचते. भावोजी ते दृश्य बघू शकत नाहीत. उठून आत जातात.

गेल्या मे महिन्यात वाईचं त्यांचं जुनं घर रिकामं करायला आम्ही गेलो होतो. माळ्याची शिडी मी खालून धरलेली, भावोजी वर. पत्र्याच्या ट्रंकेतून एक सुतळीनं बांधलेला गठ्ठा निघाला. मराठीतली इंद्रजाल कॉमिक्स, वेताळाची. कडा उंदरांनी खाल्लेल्या, काहींची मुखपृष्ठं गेलेली. भावोजींनी वरचंच उचललं. त्याची पहिली चार पानं नव्हतीच, गोष्ट एकदम एका ठोशापासून सुरू होत होती. ते शिडीच्या वरच्या पायरीवर बसले आणि वाचायला लागले. ताईनं जेवायला तीन हाका मारल्या. माझे हात भरून आले. ते संपवून त्यांनी दुसरं उचललं. क्रमांक बघितला नाही, साल बघितलं नाही. एकदा तर मोठ्यानं हसले. मी खालून विचारलं, "आधीची पानं नाहीत ना हो?"

"कळतंय रे सगळं," ते मान वर न करता म्हणाले. "तू शिडी धर."

सोमवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला. मागून वहीच्या पानांचा आवाज येत होता.

"ऐक. हा वेताळ म्हणे वंशातला एकविसावा. मग पहिल्या विसांचे खंड कुठं मिळतील?"