अकरा दाणे, पाच केबिन

मुंबईहून गोव्याला बोटीने जायला एक रात्र लागते. त्या एका रात्री अकरा माणसांनी कुठे झोपायचं हे ठरवण्यात आमच्या घरचा अख्खा गणेशोत्सव गेला. बाप्पांचं विसर्जन झालं तरी काकांचं काय करायचं ते ठरेना.

काका घोरतात. लग्नाच्या हॉलवर मुक्काम पडला की मंडळी आधी काकांची गादी कुठे घातलीय ते बघतात आणि मग आपली घालतात. हॉलमध्ये निदान गच्चीवर पळता येतं. क्रूझवर खोली एकदा तुमच्या नावावर चढली की चढली.

एजंटाने बोटीचा नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दादाने तो झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. माईने डब्यांतून दाणे काढले. बायका म्हणजे तूरडाळ, पुरुष म्हणजे हरभरे, दादाची दोन मुलं म्हणजे मूग, आणि काकांसाठी खास काबुली चणा. दिवसभर येता-जाता जो तो आपला दाणा सरकवून जायचा. संध्याकाळी वहिनी बघते तर तिच्या केबिनमध्ये काबुली चणा, आणि दादा कुठेच नाही. दादा टेबलाखाली सापडला.

केबिनचे मुख्य प्रकार चार: आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. स्वीटचा भाव ऐकून नानांनी एजंटाला विचारलं, ‘हा खोलीचा सांगताय की बोटीचा?’

नानांचा बोटीचा अनुभव ‘कोकण सेवक’चा. भाऊच्या धक्क्यावर फळी पडली रे पडली की घरातल्या चपळ माणसाने पुढे पळायचं, डेकवर सतरंजी टाकून जागा अडवायची, आणि बाकीच्यांनी ट्रंका, फणस, म्हातारी माणसं असं एकेक करून मागून आणायचं. ती सेवा बंद पडून तीन दशकं उलटली, पण नानांचा हिशेब अजून सतरंजीचाच. ‘डेकला काय घेतात?’ त्यांनी विचारलं. एजंट म्हणाला, ‘आजोबा, डेकवर फिरणं फुकट आहे. झोपायला मात्र केबिन घ्यावीच लागेल.’

मग भाड्याचं गणित आलं. क्रूझचं भाडं माणशी सांगतात, पण ते एका खोलीत दोघं आहेत असं धरून. त्याच खोलीत तिसरा-चौथा घातला तर त्याला बरंच कमी पडतं. त्यासाठी भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे बर्थ असतात. हे कळताच नानांनी चार, चार आणि तीन अशी वाटणी करून टाकली. आतली केबिन साधारण दीडशे चौरस फुटांची. ‘गिरगावात आमची खोली दहा बाय बारा होती आणि आम्ही नऊ जण होतो,’ नाना म्हणाले. ‘आणि संडास गॅलरीच्या टोकाला. इथे तर आत आहे!’ यावर कुणाला काही बोलता येईना. चाळीत वाढलेल्या माणसाशी जागेवरून वाद घालू नये.

उलट, एकट्या माणसाने अख्खी खोली मागितली तर बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचं भाडं मोजावं लागतं. आत्या बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेली. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, ‘लग्न केलं नाही म्हणून जन्मभर ऐकून घेतलं. आता दंडही भरायचा?’ दादाची पंधरा वर्षांची लेक लगेच म्हणाली, ‘मी झोपते आत्याआजीबरोबर.’ सगळ्यांचे डोळे पाणावले. पोरीला फक्त आई-बाबांच्या खोलीत झोपायचं नव्हतं, हे तिच्या आईला कळलं होतं.

आत्याला एसटीसुद्धा लागते, मग बोट लागणारच. जहाज लाटेवर पुढेमागे डोलतं तेव्हा दोन्ही टोकं जास्त उचलली जातात, आणि आडवं झुलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. म्हणून मळमळणाऱ्या माणसाने मधली आणि खालची केबिन घ्यावी. गंमत म्हणजे तिथल्या केबिन बऱ्याचदा स्वस्तही असतात. वरच्या मजल्यासाठी जादा पैसे मोजणारे त्या पैशांत झोके विकत घेतात.

नकाशा वाचायची एक रीत आहे. केबिन कुठे आहे हे तर सगळेच बघतात. तिच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघायला हवं. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाचघर असेल तर गादीला ठेका लागतो. पुढच्या टोकाला नांगराचा खडखडाट, मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. वर केबिन, खाली केबिन, शेजारी केबिन अशी खोली उत्तम. काकांना कुठे ठेवायचं हे एव्हाना माझ्या मनात पक्कं झालं होतं. त्यांना इंजिनाजवळ ठेवलं तर तक्रार इंजिनच करील.

मग डावी-उजवीचं महाभारत. नानांना रात्री रत्नागिरीचं दीपगृह शोधायचं होतं, म्हणून डावी बाजू हवी. काकूला सूर्यास्त हवा, म्हणून उजवी. दोन दिवस घरात चहा वेगवेगळा झाला. शेवटी सहा वर्षांच्या मुगाने रिमोट टेबलावरून दक्षिणेला नेला, उलटा फिरवून परत आणला आणि विचारलं, ‘पण येताना बाजू बदलेल ना?’ जाताना डावीकडे किनारा, तर येताना त्याच खिडकीतून मावळतीचा समुद्र. दोन पदवीधर पिढ्या एकमेकींकडे बघत बसल्या.

खिडकीच्या काही केबिन अगदीच स्वस्त दिसत होत्या. चौकशी केल्यावर कळलं, खिडकीसमोर नारिंगी जीवनरक्षक होडी टांगलेली. समुद्र दिसणार तो होडीच्या पोटाखालून, चार बोटं. माई म्हणाली, ‘असू दे की! वेळ आली तर हीच कामाला येणार. नजरेसमोर असलेली बरी.’ पण आपली होडी तीच असेल असं नाही. कुठे जमायचं ते कार्डावर छापलेलं असतं आणि सुटण्याआधीच्या कवायतीत दाखवतात. हे सांगितल्यावर माईचा त्या केबिनमधला रस संपला.

बाल्कनीवरून वहिनीचं आणि माझ्या बायकोचं एकमत झालं, जे दिवाळीच्या फराळावरूनही होत नाही. हवीच! आपण माणसं मोठी मजेशीर. मुंबईत बाल्कनी मिळाली की पहिल्या महिन्यात ग्रिल लावून ती खोलीत घेतो, आणि समुद्रावर त्याच बाल्कनीसाठी जादा पैसे मोजायला तयार. बरं, तिथे कठड्यावर टॉवेलही वाळत घालू देत नाहीत. नानांचा पंचा बॅगेतून निघाला, तो बाथरूमच्या दोरीवर गेला.

शेवटी वाटणी झाली ती अशी. नाना-माईंना बाल्कनी. समोरच्याच आतल्या खोलीत आत्या आणि नात. दादा-वहिनी आणि धाकटा खिडकीत. सहा वर्षांच्या पोराला बाल्कनीचा कठडा नको, हा वहिनीचा हट्ट मला पूर्ण पटला. आम्ही दोघं आत. काका-काकू मागच्या टोकाला, तेही आत. दाराने जोडलेल्या खोल्यांचा मोह आम्ही टाळला. मधलं दार म्हणजे आवाजाला उघडा रस्ता. ‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त प्रकारही टाळला. त्यात कुठली खोली मिळेल ते कंपनी ठरवते आणि अकरा जण अकरा दिशांना जाऊ शकतात.

आतल्या खोलीची बदनामी उगाच झालेली आहे. दिवा मालवला की आपलाच हात दिसत नाही, आणि अशी झोप मला घरी कधी लागत नाही. वेळ कळायला टीव्ही आहे. बऱ्याच जहाजांवर एका चॅनेलवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू ठेवतात. ते लावून झोपलं की पहाटे खोलीत आपोआप उजाडतं. शौचालयाचा ‘फस्स’ आवाज मात्र हातभर उडवतो. काकूने तो काकांपेक्षा मोठा असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या. सकाळी तिथे अकरा माणसं उभी होती. नाना पहाटे चारलाच उठून बसले होते. रत्नागिरी अंधारात कधी गेली ते कळलं नाही, तरी मागे पडलेल्या प्रत्येक दिव्याला त्यांनी देवगड म्हणून घेतलं.

तेव्हा कुटुंबकबिला घेऊन निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: बाल्कनी एकच घ्या, ती पहाटे उठणाऱ्याला द्या, आणि बाकीच्यांना शक्यतो समोरच्या आतल्या खोल्यांत घाला. पैसे वाचतील आणि बाल्कनी सगळ्यांचीच होईल. घोरणाऱ्याची सोय मात्र भाड्याची चौकशी करण्याआधी लावा.