अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन

मस्कतच्या बौशरमध्ये कुंपणाला फार मान. घुब्रा असो की अझैबा, व्हिलांच्या भिंती माणसाहून उंच आणि फाटकं लोखंडी. आम्ही अल खुवैरच्या फ्लॅटातली मराठी मंडळी. कुंपण नशिबी नाही, म्हणून ती हौस दारावर भागवतो. लॅच, कडी, साखळी, वर लिंबू-मिरची. एवढा बंदोबस्त करून निर्धास्त झोपतो. टीव्हीमागे मात्र एक काळा डबा हिरवे दिवे मिचकावत रात्रभर जागा असतो. त्याच्या कुलपाचं नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि किल्लीचंही ‘अ‍ॅडमिन’.

हे कळलं गेल्या शुक्रवारी. चिरंजीवांचं म्हणणं, बेडरूममध्ये वायफाय येत नाही. आमचं म्हणणं, गणितही येत नाही. तरी बापाचं कर्तव्य म्हणून ब्राउझर उघडला आणि इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ टाकलं. काही राउटर १९२.१६८.०.१ ला ओ देतात. खरा पत्ता बहुधा डब्याच्या पोटावर चिकटवलेला असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती, खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत; १९९६ चा नियम आहे तो. त्यामुळे बौशरचा राउटर आणि बार्शीचा राउटर एकाच पत्त्यावर राहतात आणि भांडत नाहीत. इतका समजूतदारपणा आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नाही.

पानाने पासवर्ड मागितला. वायफायचा दिला, तर दारातूनच परत पाठवलं. इथेच बरेच जण ‘बिघडलाय’ म्हणून उठतात. बाबांनो, पासवर्ड दोन असतात. वायफायचा पासवर्ड म्हणजे पाहुण्याला दिवाणखान्यात बसवणं. राउटरचा म्हणजे त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणं. पहिला आम्ही शेजारच्या काकूंनाही सांगत नाही. दुसरा मात्र आमच्या जुन्या डब्याच्या कारखान्याने साऱ्या जगाला सांगून ठेवलेला. अलिबाबाला निदान ‘तिळा तिळा’ म्हणावं लागलं होतं.

आत गेल्यावर बेडरूमचा उलगडा झाला. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण काँक्रीटच्या दोन भिंतींत दमते. २.४ ची भिंती बरी ओलांडते, पण तिथे अख्ख्या बिल्डिंगची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्हची लुडबूड. या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही चॅनेलं एकमेकांच्या पायात येत नाहीत. आमच्या मजल्यावरचे सगळे सहावर बसले होते. आम्ही अकरावर सरकलो. डबा टीव्हीमागून काढून पॅसेजमधल्या कपाटावर ठेवला. ‘शोभा गेली,’ असं घरातून कळलं. वायफाय आलं. गणित अजून यायचं आहे.

पण मुख्य काम राहिलंच होतं. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या कीडप्रणालीने अशा कारखानदारी पासवर्डांच्या साठेक जोड्या घेऊन जगभरचे कॅमेरे आणि राउटर दामटले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने केलेल्या हल्ल्यात ट्विटर आणि नेटफ्लिक्सही अनेकांना उघडेनात. ना कुलूप फोडलं, ना भिंतीवर चढले. मालकांनी किल्ली दारातच ठेवली होती. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट सोपे पासवर्ड घालून माल विकायला कायद्याने बंदी घातली. टीव्हीमागच्या जुन्या डब्याला मात्र कायदा लागू नाही. त्याला मालकच लागतो.

तेव्हा या शुक्रवारी बिर्याणीला दम बसेपर्यंत एवढं करा. राउटरचा पासवर्ड बदला, बाहेरून डबा चालवायची ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय बंद करा, फर्मवेअर ताजं करा. नवा पासवर्ड कागदावर लिहून पासपोर्टच्या फाइलीत ठेवा. ती फाइल परदेशातला मराठी माणूस कधीच हरवत नाही. आणि हुशारी म्हणून ‘अ‍ॅडमिन१२३४’ ठेवू नका. मिरायच्या यादीत तोही होता.