बसून बघा!

नानांच्या घरी गेलात तर ते 'बसा' म्हणत नाहीत, 'बसून बघा' म्हणतात. यातला फरक ज्याच्या वेळीच ध्यानात येत नाही, तो चहा येईपर्यंत डावीकडे कलंडलेला असतो.

नाना हा कुणी एक माणूस नाही. सावेडीत, गुलमोहर रोडला, पाइपलाइन रोडला, जिथं जिथं नोकरदारांनी कर्ज काढून बंगले बांधले आणि आता पेन्शन घेऊन गॅलरीत उभे आहेत, तिथं दोन गल्ल्या ओलांडल्या की एक नाना भेटतो. कुणी एमआयडीसीत सुपरवायझर होता, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी बँकेत. निवृत्तीनंतर माणसाला कसला ना कसला साक्षात्कार होतोच. नगरमध्ये बहुतेकांचा साक्षात्कार शिर्डीच्या नाहीतर शिंगणापूरच्या रस्त्याला लागतो, नानांचा लाकडाच्या वखारीकडे वळतो. बाजारात एकही खुर्ची धड मिळत नाही आणि ती आपण घरी करू शकतो, हे त्यांना एका सकाळी दात घासताना कळतं. तसे नाना शिंगणापूरलाही जाऊन आलेले आहेत. तिथल्या घरांना दारं नाहीत म्हणून सगळे हात जोडतात. नाना म्हणाले, "म्हणजे इथल्या सुतारांना खुर्च्या करायला किती वेळ मिळत असेल!"

ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या खुर्च्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडणुका लढवल्या गेल्या, तिथं लाकडाची खुर्ची करू पाहणारा माणूस निरुपद्रवीच म्हणायचा. पण दुपारी दोन ते चार झोपणाऱ्या शेजाऱ्यांना हे पटत नाही. जवळच्या हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी करून गाव हिरवं केलं, आमच्या कॉलनीत करवतबंदीचा ठराव आला. तो सेक्रेटरीच्या सहीपाशी अडला. सेक्रेटरी नानाच आहेत.

या छंदाचं पहिलं लक्षण म्हणजे खुर्ची उलटी करणे. मंगल कार्यालयात अक्षता पडेपर्यंत नाना दम धरतात. मग बाकीची वऱ्हाडी मंडळी पंगतीकडे धावतात आणि नाना खुर्चीला शीर्षासन घालतात. कुणीतरी विचारतं, "नाना, काही पडलं का?" नाना सांध्यात बोट घालून पाहत असतात, उत्तर देत नाहीत. पाच मिनिटांत वधूपक्षाचे चार जण गुडघ्यांवर येऊन अंगठी शोधत असतात. दवाखान्यात तर नाना शेजारच्या पेशंटला "जरा उठता का?" म्हणतात, आणि तो बिचारा आपला नंबर आला असं समजून आत जातो.

वाचन मात्र दांडगं. व्हिएन्नाच्या टोनेट कंपनीनं १८५९ साली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची काढली. तिचे तुकडे सहा, स्क्रू दहा, नट दोन. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात मावत. नानांनी हे काकूंना इतक्या वेळा सांगितलंय की भाजीवाल्यानं सुटे मागितले तरी त्या दचकतात. पुढे नानांनी स्वतः लाकूड वाकवायचं ठरवलं. मोदकपात्राच्या झाकणाला भोक पाडलं, त्यात प्लॅस्टिकचा पाइप बसवला, पाइपात पट्टी घातली आणि खाली गॅस मोठा केला. लाकडाआधी पाइप वाकला. गणपती चार दिवसांवर आले होते, तेव्हा पुढचं काही लिहीत नाही.

अमेरिकेतलं चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपं म्हणजे नानांचं दैवत. खुर्च्यांसाठी त्यांचं जगभर नाव. भारत सरकारनं बोलावलं म्हणून ते देशभर हिंडले, १९५८ साली अहवाल दिला, आणि त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. हे सांगताना नानांची छाती फुगते. अडचण एवढीच, की त्या अहवालात ईम्स जोडप्यानं सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या साध्या लोट्याचं. काकूंना हे कळल्यापासून नाना रंधा मारून घामाघूम झाले की त्या पाण्याचा तांब्या पुढे करतात. "घ्या. हा आधीच जमलेला आहे."

काकूंकडे याहून मोठं हत्यारही आहे, पण ते त्या जपून वापरतात. "नेवाशाला माउलींनी खांबाला टेकून नऊ हजार ओव्या सांगितल्या. त्यांना खुर्ची लागली नाही." नाना यावर गप्प बसतील असं कुणालाही वाटेल. नाना म्हणतात, "बघ, म्हणजे पाठीला टेकू लागतोच! फक्त खांब सरळ होता. दहा-बारा अंश मागे कललेला पाहिजे होता."

हत्यारांचं प्रकरण वेगळंच. नानांनी जपानी करवत मागवली. ती ढकलताना नाही, ओढताना कापते. पत्त्यावर अहमदनगर लिहिलं होतं, म्हणून ती रीतसर अहमदाबादला गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. नानांना राग आला नाही. डिझाइनच्या गावाला जाऊन आल्यामुळे तिला जरा वळण लागलं असेल, असं त्यांचं मत. पुढे २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा गावभर चर्चा चालू असताना नाना एवढंच म्हणाले, "आता पार्सलं तरी घरी येतील." त्या करवतीचं पहिलं लाकूड म्हणजे पेठेतल्या पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई. मुरलेलं लाकूड, आता हलायचं नाही, म्हणून नानांनी ती घासाघीस करून घेतली. हललं नाहीच. पण ज्या खिळ्याला कुणाच्या तरी पणजोबांची पगडी टांगलेली असायची, तो तुळईच्या पोटात तसाच होता. करवतीचे सहा दात तिथं कामी आले.

माळीवाड्यातले एक मिस्त्री नानांचे गुरू. म्हणजे नाना त्यांना गुरू मानतात, ते नानांना गिऱ्हाईकसुद्धा मानत नाहीत. पहिल्या भेटीत नानांनी विचारलं, "मी कपाट केलंय, स्टूल केलंय. खुर्चीत एवढं काय अवघड?"

"नाना, कपाट भिंतीला टेकून गप उभं ऱ्हातं. खुर्चीवर माणूस बसतो, अन् माणूस काय गप बसत नाही."

अख्खं खुर्चीशास्त्र मिस्त्रींनी दोन वाक्यांत उरकलं, असं माझं मत आहे. कपाटात जिकडे तिकडे काटकोन, गुण्या लावला की झालं. खुर्चीत गुण्याला फारसं कामच नाही. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद. पाठ मागे झुकलेली. बैठकीला मागच्या बाजूला थोडा उतार, नाहीतर बसणारा घसरत पुढे येतो. शिवाय जेवण झालं की माणसाला पुढचे दोन पाय उचलून मागे रेलायची हुक्की येते. त्या क्षणी बाजूची पट्टी मागच्या पायात जिथं शिरते, त्या सांध्यावर सगळा भार येतो. तिथलं कुसू, म्हणजे पट्टीचं टोक, खाचेत सूतभर ढिलं असलं की आधी कुरकुर, मग करकर, मग पाहुण्यांशी संबंध बिघडतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नानांची नोकरी मिलिमीटरात गेली, म्हणून सूत त्यांना ढोबळ वाटतं. मिस्त्री अर्धं सूत नुसत्या नजरेनं सांगतात.

त्यात लाकूड जिवंत असल्यासारखं वागतं. लांबीत ते जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. नानांनी बैठकीची फळी चैत्रात चारही बाजूंनी स्क्रू आवळून पक्की केली. नगर पर्जन्यछायेतलं, इथं श्रावणात ओल ती केवढी असणार, असा हिशेब. फळीला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. ती श्रावणात फुगली, बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून मधोमध पोट काढून बसली. त्या खुर्चीवर सध्या कुणी बसत नाही. घसरतात.

डुगडुगणाऱ्या खुर्चीचे पाय आलटून पालटून कापत तिचा पाट करणाऱ्यांतले नाना नव्हेत, तो विनोद त्यांनीच सगळ्यांना ऐकवलेला असतो. खुर्ची डुगडुगली तेव्हा त्यांनी लेव्हल आणली आणि दोष फरशीचा आहे हे सिद्ध केलं. तीन पायांचं तिवई-स्टूल कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कायम एकाच प्रतलात येतात. चौथा पाय आला की तो जमिनीच्या मर्जीवर. एवढं भूमितीतलं समजावून नानांनी खुर्ची घरभर फिरवली आणि ती ठाम उभी राहते अशी एक जागा शोधून काढली. ती जागा स्वयंपाकघराच्या दारात आहे. गेलं वर्षभर काकू डाव्या अंगानं आत जातात.

पण एक खुर्ची खरोखर जमली, हे सांगितलं नाही तर नानांवर अन्याय होईल. काकूंचे गुडघे दुखायला लागले, खाली बसून भाजी निवडणं बंद झालं. पुस्तकातली सतरा-अठरा इंच उंचीची खुर्ची काकूंना दिली, तर त्यांचे पाय लोंबकळायला लागले. काकू पाच फुटांच्या आतबाहेर. बाजारातल्या खुर्च्या ज्या मापानं निघतात, त्या मापात आपल्याकडच्या निम्म्या बायका बसत नाहीत, हे नानांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी व्हिएन्ना मिटवून ठेवलं, टेप घेतली आणि काकूंचं माप काढलं: टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत पंधरा इंच. तेवढीच उंची, हात टेकून उठता येईल असे दोन दांडे, आणि सगळे सांधे मिस्त्रींच्या देखरेखीखाली. मिस्त्रींनी खुर्ची उचलली, उलटी केली, मागच्या पायाशी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरी हाय." या माणसाच्या तोंडून 'बरी' ऐकायला त्यांच्या पोराला बारा वर्षं लागली होती.

त्या खुर्चीवर काकूंशिवाय कुणालाही बसायला परवानगी नाही. नाना स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पुढच्या खुर्चीचे आराखडे काढतात.

तर वाचकहो, माळ्यावर, गच्चीवर, जिन्याखाली कुणाकडे आजोबांच्या वेळची मोडकी सागवानी खुर्ची पडली असेल, तर ती कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. तुमच्या गल्लीतल्या नानांना निरोप धाडा. सांधे सोडवून आत काय आहे ते बघितल्याशिवाय हे काम शिकता येत नाही, असं मिस्त्रीही म्हणतात. खुर्ची परत मिळेल. बहुधा सुटी मिळेल.