एसटीत अर्धं, लाँचमध्ये पूर्ण

मे महिना लागला की जळगाव-धुळ्याकडची कुटुंबं समुद्र बघायला निघतात. एसटीपर्यंत हिशेब चोख. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा फुकट आणि सातवीतला बंटी कंडक्टरपुरता पाचवीत. ही सगळी पुण्याई गेटवेला संपते. मांडव्याच्या लाँचवाल्याला काकूंचा सन्मान करायचा नसतो. शिवाय वर बसायचं तर जादा पैसे! ‘काबरं भाऊ, वारा तुमच्या मालकीचा आहे का?’ असं विचारून काकू खालीच दशम्या सोडतात.

गाडीवाले त्याहून हुशार. 2020 मध्ये सुरू झालेल्या रो-रोवर गाडीचं भाडं वेगळं, माणसांचं वेगळं, हे कळताच ते पेणमार्गे रस्त्याने जातात. वडखळच्या कोंडीत जळालेलं डिझेल खर्चात धरत नाहीत. ते कार्डावर भरलेलं असतं.

लाँचच्या तिकिटात मांडवा-अलिबाग बसही येते, आणि इथे खरी काटकसर दिसते. खोली किहीमला, वाटेतच घेतलेली. तरी पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळे अलिबागपर्यंत बसून जातात आणि तिथून रिक्षा करून मागे येतात.