किन्हवलीच्या अलीकडे आणि पलीकडे

जॅझवाला ओळखायची खूण सोपी आहे. तो गाण्याचं नाव सांगून थांबत नाही. पुढे तारीख सांगतो, मग गाव, मग ड्रमवर कोण होतं ते, आणि शेवटी तुम्ही ऐकलेली प्रत कशी चुकीची आहे ते. ही जमात वांद्र्याला किंवा गोव्यात सापडते असा समज आहे. आमच्याकडे तिचे दोन नमुने आहेत, एक शहापूरला, एक मुरबाडला. दोघंही निवृत्त, दोघंही सज्जन, आणि दोघांच्याही घरच्यांना या विषयावर बोलायचं नसतं.

शहापूरकरांनी उभी नोकरी आसनगाव ते व्हीटी अशी लोकलने केली. जॅझ मात्र त्याच्याही आधी घरात शिरलं होतं, ट्रान्झिस्टरच्या शॉर्टवेव्हवरून. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक १९५५पासून रात्री जॅझ लावायचा. जगाला कळावं म्हणून तो इंग्रजी फार सावकाश, खर्जात बोलायचा. ते इंग्रजी शहापूरकरांच्या अंगात असं मुरलं, की आजही ते तलाठ्यासमोर सातबारा वाचतात तेव्हा पुढच्या ओळीत ड्यूक एलिंग्टन येणार असं वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याउभ्या ऐकायचं आणि विकत मात्र चोर बाजारात घ्यायचं, ही त्यांची अर्थनीती. २०१६ साली ते दुकान बंद झालं, त्या रात्री गृहस्थ जेवले नाहीत. वहिनींनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?" उत्तर ऐकल्यावर त्यांनी ताट उचलून आत नेलं.

मुरबाडकर प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार, येणार असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. त्यामुळे जॅझही त्यांच्याकडे आडवाटेने आलं: सी. रामचंद्रांच्या बोटाला धरून. पुणतांब्याचा हा चितळकर १९५१च्या 'अलबेला'त असं काही वाजवून गेला की लहानगे मुरबाडकर भारावूनच गेले. त्या सिनेमात पडद्यावर जो वाद्यवृंद दिसतो तो चिक चॉकलेटचा. मूळ नाव आंतोनियो शाविएर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, हातात ट्रम्पेट. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुरबाडकरांनी मग खऱ्या आर्मस्ट्राँगचा माग काढला, १९२८च्या 'वेस्ट एंड ब्लूज'पाशी पोचले आणि तिथेच मुक्काम ठोकला. त्यांचं मत असं, की सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटाच ट्रम्पेट वाजवतो, त्या काही सेकंदांत जॅझ संपलं. पुढचे सगळे पाट्या टाकताहेत.

"तीन मिनिटांच्या तबकडीत अब्दुल करीम खाँसाहेब राग उभा करत होते," ते म्हणतात. "तुमच्या कोल्ट्रेनला एका गाण्याला तेरा मिनिटं कशाला लागतात? आमच्याकडे हरिपाठसुद्धा आटोपशीर असतो."

"त्याच कोल्ट्रेननं मुलाचं नाव रवी ठेवलं," शहापूरकर म्हणतात. "रविशंकरांवरून."

"नाव ठेवायला आमचं काही म्हणणं नाही. वाजवायला आहे."

या भेटी किन्हवलीला होतात. शहापूरहून मुरबाडला सरळगावमार्गे जाताना किन्हवली मध्ये लागतं, म्हणून ती तटस्थ भूमी. पूर्वी कॅसेटींची देवाणघेवाण एसटीच्या कंडक्टरमार्फत चाले. पिशवीत कॅसेट, कॅसेटबरोबर चार पानी पत्र, आणि पत्रात समोरच्याच्या अभिरुचीबद्दल अत्यंत आदरपूर्वक लिहिलेले अपशब्द. आता पेनड्राइव्ह आले. पत्र गेलं, अपशब्द राहिले.

शहापूरकरांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे १९७८ची पहिली जॅझ यात्रा. धोबी तलावच्या रंगभवनात त्यांनी सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन उघड्या आभाळाखाली ऐकला, शेवटची कसारा लोकल चुकवली आणि व्हीटीच्या फलाटावर पेपर अंथरून झोपले. हा प्रसंग त्यांनी नातवाच्या बारशालाही सांगितला. शिवाय हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस वाजवणं सोडून पवईच्या आश्रमात राहून गेला होता. "पवई म्हणजे कांजूरमार्ग," शहापूरकर बोटं मोडत सांगतात, "कांजूरमार्ग म्हणजे मध्य रेल्वे. म्हणजे माणूस आपलाच."

"मध्य रेल्वेचा असेल," मुरबाडकर म्हणतात. "आमच्याकडे रेल्वे नाही."

लग्नसराईत दोघांचेही हाल. हळदीच्या रात्री डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि शहापूरकर कानात कापूस घालून माहुली किल्ल्याकडे तोंड करून बसतात. मुरबाडकर जास्त धाडसी. एका वरातीत त्यांनी ट्रम्पेटवाल्याला बाजूला घेऊन 'वेस्ट एंड ब्लूज' गुणगुणून दाखवलं. त्याने मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि 'नागीन' वाजवली. "सूर लागला होता पोराचा," हे मास्तरांचं मत अजून कायम आहे. 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' हे जॅझ आहे की नाही हा वाद मात्र मिटलेला नाही. शहापूरकर म्हणतात ठेका लॅटिन अमेरिकेचा आहे. मुरबाडकर म्हणतात असेल, पण फुंकर गोव्याची आहे.

खरं युद्ध पेटलं ते माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून. मार्च १९५९मध्ये न्यूयॉर्कला त्याची पहिली तीन गाणी टेपवर घेताना यंत्र किंचित संथ फिरत होतं. संथ टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. जगभर विकलेल्या तबकड्यांवर पहिली बाजू अशी थोडी चढीच राहिली. १९९२च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. शहापूरकरांकडे जुनी एलपी. त्यांनी ती प्राणापलीकडे जपली आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटवर उतरवून मुरबाडला पाठवली. मुरबाडला वीज जायची, म्हणून मास्तर कॅसेट सेलवर वाजवायचे, आणि सेल पगाराच्या तारखेपर्यंत पुरवायचे. सेल उतरले की टेप मंदावायची आणि सूर खाली यायचा. मास्तरांनी तेव्हाच लिहून कळवलं होतं, "गाणी सावकाशीत बरी वाटतात, तुमच्याकडे उगाच घाई दिसते." शहापूरकरांनी त्यावर महिनाभर अबोला धरला.

पुढे मास्तरांनी डोंबिवलीच्या जावयाकडून दुरुस्त सीडी मागवली. १९२८नंतरचं काहीही न मानणाऱ्या माणसाने ही सीडी केवळ समोरच्याला खोटं पाडायला घेतली आणि किन्हवलीच्या हॉटेलात चहाच्या कपांमध्ये ठेवली.

शहापूरकरांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "वादक त्या दिवशी कुठल्या सुरात वाजवत होते तो प्रश्न नाही," ते कॉनोव्हरच्या संथपणे म्हणाले. "मी इतकी वर्षं कुठल्या सुरात ऐकलं तो आहे."

"म्हणजे माइल्स चुकला?"

"माइल्स न्यूयॉर्कला बरोबर असेल. शहापूरला हाच सूर."

हॉटेलवाला दर वेळी दोघांना वेगवेगळं बिल देतो. एकच दिलं तर ते कोणी भरायचं यावर दुसरी फेरी सुरू होते आणि गिऱ्हाइकांना बाकडं मिळत नाही. आमचा शहापूर तालुका भातसा-तानसाचं पाणी मुंबईला देतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरवतो. त्या मुंबईने बदल्यात या दोघांना जॅझ दिलं. व्यवहार कोणाला लाभला ते वहिनींना विचारू नये.

माझं मत विचाराल तर सुराच्या वादात मुरबाडकर बरोबर आहेत, उतरलेल्या सेलांसकट. फक्त हे शहापुरात कोणाला सांगू नका. मला आसनगावहूनच गाडी पकडावी लागते.