गोळीचं भविष्य सांगायला शिका: भिंगारच्या होतकरूंसाठी

एम. फार्मला प्रवेश मिळाला, कॉलेज नगरच्या बाहेर, आणि खोली भिंगारला, कारण तिथलं भाडं झेपतं. आता गाइडनी विषय दिलाय: अमुक औषध पोटातून रक्तात किती जाईल, याचा अंदाज प्रयोगशाळेत बांधा. घाबरू नका. माणसाला गोळी न देता आणि त्याचं रक्त न काढता हे भविष्य सांगता येतं. निदान सांगितल्यासारखं तरी करता येतं.

प्रश्न दोनच असतात. औषध विरघळतं का, आणि विरघळलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जातं का. मिशिगन विद्यापीठाचे गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये या दोन प्रश्नांवरून औषधांची चार घरं पाडली. पहिल्या घरातलं औषध विरघळतंही आणि शिरतंही. दुसऱ्यातलं शिरायला तयार, पण विरघळायला नाही. तिसऱ्यातलं झटकन विरघळतं आणि दारातच अडतं. चौथ्यात दोन्हीची बोंब. ज्योतिषाला बारा घरं लागतात, तुमचं चारात भागतं.

पावडर कशी मिळवावी

नागापूरच्या एमआयडीसीत औषधांची मूळ द्रव्यं बनतात. सन फार्माने तिथला कारखाना 1996 मध्ये नॉल कंपनीकडून घेतला. म्हणून पावडर हाकेच्या अंतरावर आहे असं समजू नका. ती मिळते गेटवरून नाही, ओळखीने. कॉलेजच्या लेटरहेडवर विनंतीपत्र लिहा, सीनियरच्या चुलतभावाला फोन करा आणि वाट पाहा. अशा पुडीला आपल्या धंद्यात ‘गिफ्ट सॅम्पल’ म्हणतात आणि प्रबंधात तिचे आभार मानतात. हेच औषध का निवडलं, याची शास्त्रीय कारणं प्रस्तावनेत दोन पानं लिहायची असतात. खरं कारण एका ओळीचं असतं: हे फुकट मिळालं.

पावडर मिळाली की पाणी लागतं. डिस्टिल्ड वॉटरचा प्लँट बंद असेल तर कोणी तरी बॅटरीचं पाणी सुचवेल. सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि प्लँट दुरुस्त होईपर्यंत थांबा.

विरघळतं का?

औषधाचा बाजारातला सर्वांत मोठा डोस 250 मिलिलिटर किंवा त्याहून कमी द्रवात पूर्ण विरघळला पाहिजे. तापमान 37 अंश. द्रवाचा पीएच एकदा 1.2, एकदा 4.5, एकदा 6.8, म्हणजे जठरापासून लहान आतड्यापर्यंतचा प्रवास. तिन्हींत जिथे सर्वांत कमी विरघळेल, तोच आकडा धरायचा. 250 मिलिलिटर कुठून आले? उपाशीपोटी चाचणीला बसलेल्या स्वयंसेवकाला गोळीबरोबर जो ग्लासभर पाणी देतात, त्यातून. जगभरच्या औषधांची वर्गवारी एका पेल्यावर उभी आहे.

कृती सोपी. फ्लास्कमध्ये द्रव घ्या, गरजेपेक्षा जास्त पावडर टाका, 37 अंशांवर हलवत ठेवा, गाळा, आणि किती विरघळलं ते यूव्हीवर मोजा. तळाशी थोडी पावडर शिल्लक राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर द्रव संपृक्त झालाच नाही, आणि तुम्ही औषधाची नाही, तुमच्या चिमटीची क्षमता मोजली. गाळलेला द्रव गारठू देऊ नका, वाटेत स्फटिक धरतात.

आता गणित. आयबुप्रोफेनची गोळी 400 मिलिग्रॅमची घ्या. आम्लात ते मिलिलिटरला साधारण 0.05 मिलिग्रॅम विरघळतं. म्हणजे एका गोळीला आठ लिटर आम्ल लागेल. लगेच दुसऱ्या घरात टाका आणि पुढच्या पानावर जा, असं पुस्तक सांगतं. पण तीच गोळी घेऊन कंबरदुखी थांबलेली माणसं भिंगारच्या प्रत्येक गल्लीत भेटतील. कारण जठरातून पुढे सरकल्यावर आतड्यातलं आम्ल कमी होतं, तिथे आयबुप्रोफेन मजेत विरघळतं आणि जवळजवळ सगळं शोषलं जातं. पत्रिकेत मंगळ, आणि संसार सुखाचा. हे उदाहरण तोंडी परीक्षेसाठी जपून ठेवा.

शिरतं का?

इथे खरी मजा आहे. शिष्टसंमत पद्धत काको-2 पेशींची. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या या पेशी जाळीवर 21 दिवस वाढवल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. त्यांना 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि कमालीची स्वच्छता लागते. विसाव्या रात्री लाइट गेली आणि इन्व्हर्टरने मान टाकली, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. शिवाय खर्च आहेच. तो पाहून गाइड म्हणतील, “शेळीचं आतडं घ्या.”

तर पहाटे उठून मटणाच्या दुकानात जा. दुकानदार विचारेल, “वजडी का? साफ करून देऊ?” नको म्हणा. तो गरम पाणी ओतून सुरीने आतला थर खरवडून काढील, आणि तुम्हाला नेमका तोच थर हवाय. कालवणाला चांगली वजडी प्रयोगाला कुचकामी. लहान आतड्याचा जठराजवळचा भाग मागा. तो म्हणेल, सगळं सारखंच असतं. वाद घालू नका, तुम्हीच बोटाने दाखवा. आतडं लगेच थंड क्रेब्ज-रिंगर द्रावणात टाका आणि डबा झाकणाचा घ्या. भिंगार ते कॉलेज रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी आत काय आहे विचारलं, तर ‘प्रॅक्टिकलचं सामान’ एवढंच सांगा. कुत्र्यांना हे उत्तर पटत नाही.

पोहोचल्यावर आतडं हलक्या हाताने धुवा, काचेच्या कांडीवर चढवून मोज्यासारखं उलटं करा, म्हणजे आतली बाजू बाहेर येईल. एक टोक दोऱ्याने बांधा, आत स्वच्छ द्रावण भरा, दुसरं टोक बांधा, आणि ही पिशवी औषधाच्या द्रावणात लोंबती सोडा. ही युक्ती विल्सन आणि वाइजमन यांनी 1954 मध्ये सांगितली. द्रावणात सतत ऑक्सिजनचे बुडबुडे हवेत. सिलिंडर नसेल तर लोक फिश टँकचा पंप लावतात, आणि प्रबंधात ‘एरेटर’ लिहितात. घड्याळाकडे लक्ष ठेवा. ऊतक मरू लागलं की भिंत गळायला लागते आणि औषध भराभर आत जाताना दिसतं. हुरळू नका, ते शोषण नव्हे, ते प्रेत आहे. दोन तास हे फार झाले.

जिवंत भिंत शहाणी असते. ती काही औषधं आत घेऊन पुन्हा बाहेर फेकते. डिगॉक्सिनच्या बाबतीत हे काम पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन करतं. तिसऱ्या घराचं उदाहरण मेडिकलवर रोज खपतं: मेटफॉर्मिन. 500 मिलिग्रॅम चमचाभर पाण्यातही विरघळतं, पण पोटात गेलेल्यातलं साधारण 50 ते 60 टक्केच रक्तात पोहोचतं.

आलेख सरळ कसा करावा

याबद्दल पुस्तकात काही नसतं, सीनियर सांगतात. गोळी किती वेगाने विरघळते ते मोजणाऱ्या डिसोल्यूशनच्या यंत्रात 900 मिलिलिटर द्रव, पॅडल मिनिटाला 50 फेऱ्यांवर, ठरावीक वेळेला नमुना. त्यात वेगळं काही नाही. वेगळं पुढे घडतं. एक बिंदू रेषेबाहेर गेला की तो ‘हाताची चूक’ ठरतो आणि खोडला जातो. रेषेवर बसलेल्या बिंदूंत कधीच कोणाच्या हाताची चूक नसते. प्रबंध चाळून पाहा: औषध कोणतंही असो, बाहेर पडतं 98 टक्क्यांच्या वर, आणि आर-स्क्वेअर 0.99 खाली उतरत नाही. शेळ्या इतक्या शिस्तीच्या असत्या तर धनगरांना काम उरलं नसतं.

गंमत अशी की या सगळ्या खटाटोपात भरवशाचा असतो तो नकारच. ‘हे शोषलं जाईल’ हे प्रयोगशाळा भीत भीत सांगते. ‘इथे गडबड आहे, पुढे जाऊन तपासा’ हे मात्र ती बऱ्यापैकी नेमकं सांगते. पहिल्या आणि तिसऱ्या घरातल्या औषधांना अटी पाळल्या तर माणसांवरच्या चाचणीतून सूट मिळू शकते. पहिल्यातलं 30 मिनिटांत 85 टक्के विरघळलं पाहिजे, तिसऱ्यातलं 15 मिनिटांतच. दुसऱ्या आणि चौथ्या घरासाठी केंद्र सरकारने 3 एप्रिल 2017 च्या अधिसूचनेने परवाना मागणाऱ्या कंपनीला माणसांवरची हीच (बायोइक्विव्हॅलन्स) चाचणी सक्तीची केली. म्हणजे तुमच्या फ्लास्कच्या तळाशी उरलेल्या पावडरवरून ठरतं की गोळी आधी माणसांवर तपासायची की थेट दुकानात जायची. तेव्हा आकडा वाईट आला, तर तो वहीत शाईने लिहा. पेन्सिल गाइडकडे जमा करा.