मध्यम दर्जाचा पाहुणा

मुंबईत ज्यांचे कोणी आप्त नाहीत, अथवा आप्त असूनही त्यांच्या दोन खोल्यांच्या संसारात आपली वळकटी पसरण्याचा ज्यांना संकोच वाटतो, अशा परगावच्या गृहस्थांकरिता फोर्टपासून अंधेरीपर्यंत जी सुखकर आणि मध्यम दराची हॉटेले उभी आहेत, त्यांच्या औदार्याविषयी कुरकुर करणे हा निव्वळ कृतघ्नपणा होईल. पूर्वी ही तजवीज सरदारगृहासारख्या वास्तू करीत. क्रॉफर्ड मार्केटनजीकच्या त्या सरदारगृहात लोकमान्य टिळक मुंबई मुक्कामी उतरत, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे देहावसानही तिथेच झाले. परंतु पाहुण्याचा पिच्छा पुरवून त्याच्याकडून पाच ताऱ्यांचे प्रशस्तिपत्र वसूल करण्याची प्रथा तिथे असल्याचे ऐकिवात नाही.

इंग्रज सरकारने 1867 साली सरायांचा कायदा करून सरायवाल्यास आपली नोंद करून घेण्याचे फर्मावले होते. हल्ली संशयाचा रोख सरायवाल्यावरून प्रवाशाकडे वळला असून, हात जोडून ‘नमस्ते’ म्हणणारी तरुणी ते हात विलग होण्यापूर्वीच आधार कार्ड मागते, त्याच्या दोन्ही बाजूंच्या छायाप्रती दप्तरी दाखल करते, आणि खोली दुपारी दोन वाजता मिळून दुसऱ्या दिवशी अकराला रिकामी करावी लागेल, हा हुकूम अत्यंत गोड आवाजात वाचून दाखवते. भाडे मात्र पुऱ्या दिवसाचे. अहोरात्र चोवीस तासांची मानणाऱ्या पंचांगकर्त्यांनी या एकवीस तासांच्या दिवसाची दखल अद्याप घेतलेली नाही.

खोलीत शिरताच दृष्टीस पडते ती काचेची भिंत. शयनगृह आणि स्नानगृह यांच्यामध्ये विटांचा आडोसा असावा, ही आपल्या पूर्वजांची समजूत आधुनिक वास्तुविशारदांनी सपशेल मोडीत काढली असून, प्रत्येक पाहुणा नवविवाहितच असतो, असे गृहीत धरून त्यांनी नकाशे आखलेले दिसतात. काचेला पडदा असतो, नाही असे नाही. पण त्याची दोरी शयनगृहाच्या बाजूस. मुलीला परीक्षेसाठी घेऊन आलेले एक सद्गृहस्थ सकाळी साडेसहा वाजता बाहेरच्या बोळात उभे राहून, आग लागल्यास कोणत्या जिन्याने उतरावे याचा फलक एकाग्रतेने वाचत होते. त्या फलकाचे इतके मनःपूर्वक अध्ययन अग्निशमन दलातही कोणी केले नसेल.

एरवी पलंगावर पाच उश्या, त्यांपैकी एकही मानेच्या मापाची नाही. पायथ्याशी चॉकलेटी कापडाची आडवी पट्टी, जिचे प्रयोजन खुद्द झाडूपोछा करणाऱ्या मुलासही ठाऊक नाही. आणि कपाटात जडजवाहिरांसाठी आकडे दाबून उघडणारी पोलादी तिजोरी. जवाहिर नसलेल्या मनुष्यास भिजलेला पंचा टांगण्यापुरती एक खुंटी हवी असते, ती कोठेही नाही. अखेर बनियन दिव्याच्या दांडीवर वाळते. बादली व तांब्या हवा असल्यास फोन करावा लागतो, आणि तो मुलगा त्या वस्तू टॉवेलाखाली झाकून अशा बेताने आणून देतो की, जणू दारूबंदीच्या अमलात बाटलीच पोहोचवतो आहे.

मध्यम म्हणजे नेमके काय, हे सरकारने ठरवून दिले, हे एका परीने बरे झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरील खोलीवर 18 टक्के जीएसटी. साहजिकच दरपत्रकात 7499 हा आकडा विलक्षण लोकप्रिय आहे. पण हॉटेलचे दर हल्ली बाजारातल्या टोमॅटोप्रमाणे दिवसागणिक चढतात-उतरतात. शहरात एखादी परिषद किंवा लग्नाचा दाट मुहूर्त असला की तीच खोली, त्याच पाच उश्यांसह, ती वेस ओलांडते आणि मंगळवारी मध्यमवर्गीय असलेला पाहुणा बुधवारी सरकारदरबारी धनाढ्य ठरतो. त्याचा पगार तेवढाच राहतो, ही बाब मोजण्याचे कलम कायद्यात नाही. शिवाय वर्षात एकदा जरी खोलीचा दर त्या वेशीपलीकडे गेला, तर पुढल्या आर्थिक वर्षात त्याच आवारातल्या उपाहारगृहातील पोह्यांवरही 5 ऐवजी 18 टक्के आकारणी होते. पोहे तेच, शेंगदाणेही तितकेच.

तरीही लोकांनी तेथे खुशाल उतरावे. अंथरूण स्वच्छ असते, ढेकूण नसतात, आणि मुंबईच्या उकाड्यात थंड हवेच्या यंत्राइतका जिवलग आप्त दुसरा नाही. व्यवस्थापक महाशयांना विनंती एवढीच की, त्यांनी ती पाचवी उशी परत न्यावी आणि तिच्या मोबदल्यात दारामागे दोन खुंट्या ठोकून द्याव्यात.